मडक्यातली पाखरं

"मारू नकोस. चिमटीत धर, हळू. आणि मडक्यात सोड," आक्का म्हणाल्या.

परातीतल्या पिठातून मी नुकतीच अळी वर काढली होती. पांढरी, शितासारखी लांबट, डोकं तेवढं तपकिरी. सवयीनं ती खाली टाकून टाचेखाली घेणार, तेवढ्यात त्यांनी माझा दंड धरला. आषाढी एकादशी नुकतीच झाली होती. बाहेर पाऊस नव्हता, पण हवा ओली होती आणि कोठीतल्या पिठाला जाळी धरायला लागली होती.

"मडक्यात?" मी विचारलं.

"हो. आता कार्तिकापर्यंत या घरात एक जीव मरायचा नाही. डास नाही, मुंगी नाही, पिठातली अळीसुद्धा नाही. मठातल्या महाराजांपुढे मी हातावर पाणी सोडलंय."

त्यांनी कोपऱ्यातलं मातीचं मडकं पुढं ओढलं. आत मूठभर ताजं पीठ टाकलं. मी अळी त्यात सोडली. ती पिठात शिरून दिसेनाशी झाली.

"बाहेर चिमण्या खातील. म्हणून मडकं इथंच, कोठीत ठेवायचं," आक्का म्हणाल्या. "रोज सकाळी आधी यांना पीठ, मग आपला चहा."

बार्शीच्या भुसार पेठेमागं शेट्यांचं घर होतं. आक्का म्हणजे त्या घरातल्या थोरल्या बाई. यजमान वारलेले, मुलगा दुकान बघायचा, सून नलूबाई. नलूबाईंची दोन बाळं जन्मून जगली नव्हती आणि आता त्यांना पुन्हा दिवस गेले होते. आक्कांचा नेम त्यासाठी होता. मला त्यात वावगं वाटलं नाही. पोर जगावं म्हणून बाई काय काय करते, ते मला ठाऊक होतं.

मी त्या घरात निवडणं, चाळणं, दळण आणणं आणि पडेल ते काम करायची. माझा नवरा दुसरी बाई करून गेला होता. माझी मंजी, तेव्हा सहा वर्षांची, पांगरीला माझ्या भावाकडं होती. भाऊ दामू वाईट नव्हता. पण त्याची बायको मंजीला आपली पोरं जेवल्यावर जेवायला घालायची, आणि मंजीनं मला ते एकदा गोष्ट सांगावी तसं सांगितलं होतं. "मामी म्हणती, उरलं तर तुला." हे सांगताना ती रडली नाही. ते मला सहन झालं नव्हतं.

म्हणून मी आक्कांना विचारलं होतं. मागच्या पडवीत जळण ठेवायचे. तिथं मी आणि पोरगी राहू, ती पण हाताखाली काम करील.

"चातुर्मासात नवीन माणूस घरात नको," आक्का म्हणाल्या होत्या. "उद्यापन झालं की आण तिला."

त्या एका वाक्यावर मी ते चार महिने काढले.

श्रावणात अळ्या वाढल्या. रव्यात, बेसनात, ज्वारीच्या पिठात, सगळीकडं जाळी. मी खिडकीजवळ परात घेऊन बसायची आणि एकेक वेचायची. बोटांना इतकी सवय झाली की पिठात हात घालताच कळायचं, हा गोळा पिठाचा आणि हा जाळ्याचा. मडक्यातल्या अळ्या जाड व्हायच्या, मडक्याच्या काठावरून भिंतीवर चढायच्या, आढ्याच्या सांध्यात जाऊन कोष करायच्या. थोड्या दिवसांनी तिथून करड्या रंगाची पाखरं निघायची. फार उडायची नाहीत. भिंतीला चिकटून बसायची आणि हात जवळ गेला की वेडीवाकडी भिरभिरत दुसऱ्या भिंतीवर.

मी मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं तर आक्कांनी ते सोडवलं.

"गुदमरतील ना गं. तुझ्या तोंडाला बांधू का?"

एकदा नलूबाईंना वाढताना एक पाखरू त्यांच्या ताटावर आलं. माझे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि टाळी वाजली. तळहातावर राखेसारखा डाग उमटला.

आक्कांनी माझा हात उलटा करून बघितला. नलूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या आत्याबाई, चुकून झालं तिच्याकडून."

"तू पोटुशी आहेस, तू मध्ये बोलू नकोस." मग माझ्याकडं बघून, "आज तुला जेवण नाही. आणि ह्या हाताला पाणी लावायचं नाही. दिवे लागेपर्यंत बघत बस, काय केलंस ते."

मी कोठीच्या उंबऱ्याशी हात उपडा न करता बसून राहिले. येताजाता आक्का बघायच्या. दुपारी त्यांनी मडक्यात पीठ टाकलं, माझ्यासमोर. सकाळचं टाकून झालं होतं. हे जास्तीचं होतं.

असंच एकदा मी चाळून उरलेला कोंडा मागितला. मंजीकडं पाठवीन म्हणाले, भाऊ बाजारला यायचा होता.

"त्यात अंडी असतील त्यांची," आक्का म्हणाल्या.

"मी नीट बघून निवडीन."

"आणि मग तव्यावर टाकशील. म्हणजे पाप माझ्या कोंड्याचं." त्यांनी कोंडा घेतला आणि मडक्यात ओतला.

पडवीतलं जळण मी थोडं थोडं करून गोठ्याकडं हलवलं. जमीन शेणानं सारवली. नलूबाईंनी कुणाला न सांगता एक जुनं हिरवं पातळ दिलं, त्याची मी गोधडी शिवली. कोपरा कोरडा होता, पावसाचा एक थेंब तिथं यायचा नाही. मंजी भिंतीकडं झोपेल आणि मी दाराकडं, असं मी ठरवून टाकलं होतं.

घटस्थापनेला आक्कांनी उद्यापनाचा गहू दळून आणवला. त्या साली गहू परमिटावर मिळायचा. दुकानाच्या ओळखीनं त्यांनी कितीतरी महिने थोडा थोडा जमवला होता. कार्तिकात द्वादशीला महाराज यायचे होते, मठातली माणसं, पेठेतले व्यापारी, सगळ्यांना पुरणपोळी घालायची होती. नवरात्रात दळलेलं पीठ पवित्र, म्हणून ती पोती देव्हाऱ्यापुढं ठेवून त्यांना हळदकुंकू लावलं, तोंडं शिवली आणि मग कोठीत नेऊन ठेवली. उद्यापनापर्यंत उघडायची नाहीत, असं आक्कांनी सांगितलं. कोठीत जागा एकच होती. मडक्याशेजारी.

"आक्का, पोती माळ्यावर ठेवू का?" मी म्हणाले होते.

"माळ्यावर उंदीर."

"पण पाखरं..."

"माझ्या पिठाला काही होत नाही. देवापुढचं आहे ते."

एकादशीच्या सकाळी, उद्यापनाच्या आदल्या दिवशी, भानुदास आचारी आला. गळ्यात तुळशीची माळ, खांद्यावर पंचा. तो आल्या आल्या म्हणाला, "आक्का, कणीक दाखवा. पोळी पिठावर असते, आचाऱ्यावर नाही."

मी पोत्याची शिवण उसवली. आत हात घातला तर हात वर येताना पीठ लोंबत आलं. जाळ्यात गुंतलेले गोळे, माळेतल्या मण्यांसारखे एकामागून एक. पोत्याच्या आतल्या बाजूनं पांढरा पापुद्रा धरला होता. त्यात अळ्या वळवळत होत्या, लहान, मोठ्या, दिसतही नाहीत इतक्या बारीक. दोन पाखरं निघाली आणि भानुदासच्या टोपीवर बसली.

त्यानं टोपी काढून झटकली नाही. नुसती हातात धरून उभा राहिला.

"सगळी पोती अशीच?"

सगळी तशीच होती.

आक्का भिंतीला धरून खाली बसल्या. मुलाला दुकानातून बोलावलं. तो म्हणाला, एवढा गहू पेठेत आज कुणी देणार नाही, परमिटाशिवाय तर नाहीच. जेवण रद्द करू म्हणाला तेव्हा आक्कांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो पुन्हा दुकानात गेला.

"पोळी होणार नाही," भानुदास म्हणाला. "हे पीठ कढईत चांगलं भाजायचं, बारीकसारीक सगळं मरतं, मग वस्त्रगाळ करायचं. कणकेचे लाडू होतील. तूप, गूळ, वेलदोडा पडला की कुणाला कळत नाही."

"मग भाज."

"मी?" त्यानं माळेला हात लावला. "मी माळकरी माणूस. माझ्या हातून हे नको, आक्का. चाळून द्या, लाडू वळून देतो."

 मग आक्कांनी माझ्याकडं मान वळवली.

"शेवंते, तू माळ घातलीयस का?"

"न्हाई."

"काही नेमधर्म?"

"न्हाई आक्का. कुठला नेम?"

"मग तुला कसली अडचण नाही." त्या उठल्या. चेहऱ्यावर रंग परत आला होता. "परसात चूल मांड. मोठी कढई काढ. आणि आधी मडकं उचल तिथनं, धूर लागेल त्यांना. ओसरीवर ठेव."

मी मडकं उचलून ओसरीवर ठेवलं. मडक्यातल्या आणि पोत्यातल्या अळ्यांत मला काही फरक दिसला नाही. त्याच आयांची पोरं ती.

चूल पेटल्यावर आक्कांनी मला तुळशीपुढं बोलावलं. तांब्यातलं पाणी माझ्या तळहातावर घातलं. हा तोच हात, ज्याला त्यांनी एक दिवस पाणी लावू दिलं नव्हतं.

"म्हण, हे मी माझ्या मनानं करते."

"म्हंजे?"

"म्हण तर. मला कुणी सांगितलं नाही. पाप लागलं तर मला लागो."

भानुदास कढई घासत होता. त्याचे हात थांबले.

"आक्का," मी म्हणाले, "माझ्या पोरीचं?"

"उद्या बोलाव तिला. उद्यापनाच्या दिवशी नको कोण म्हणतं? तिच्या मामाला निरोप धाड."

मी म्हटलं. शब्दाला शब्द. तळहातावरचं पाणी तुळशीत सोडलं. पेठेत पांगरीची बैलगाडी होती, तिच्याबरोबर दामूला निरोप दिला, की मंजीला घेऊन ये, कपडे पण आण.

मग मी कढईशी बसले. पहिला घाणा टाकला तेव्हा पिठात काही वेळ काहीच झालं नाही. मग कढईतलं पीठ सगळीकडून हललं. खालून वर, वरून कडेला. अळ्या कढईच्या काठाकडं चढायला बघत होत्या आणि मी उलथन्यानं त्यांना परत मध्ये ढकलत होते. तीळ तडतडावेत तसा बारीक आवाज यायला लागला. जाळी जळाल्याचा वास आला, केस जळाल्यासारखा, आणि त्यावर खरपूस कणकेचा. त्या दोन वासांत भूक लागत होती आणि ओकारी येत होती. चाळणीवर उरलेलं मी चुलीत टाकायची.

आक्का तुळशीच्या कट्ट्यावर पाठ करून जप करत होत्या. मधूनच मान न वळवता विचारायच्या, "झालं का?"

"अजून हाय."

"करपवू नकोस."

नलूबाईंना वर खोलीत बसवून खिडकी लावली होती. मला वाटतं वास तिथंही गेला असणार. संध्याकाळी त्या खाली आल्या, तेव्हा माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शेवंता, पडवीत तेल ठेवलंय डोक्याला लावायला. पोरीच्या." आणि घाईनं आत गेल्या.

द्वादशीला महाराज आले. घर माणसांनी भरून गेलं, पत्रावळी मांडल्या. मी मागच्या दाराशी भांडी घासत होते, तिथनं सगळं ऐकू यायचं. लाडू वाढले. महाराजांनी एक खाल्ला, मग आणखी एक मागून घेतला.

"खमंग झालाय," ते म्हणाले. "कुणी भाजलं?"

"घरातच," आक्का म्हणाल्या.

मग महाराज बोलले, की चार महिने या माउलीनं एक जीव दुखवला नाही, अळीलासुद्धा घास भरवला, अशा घरात जन्मणारं बाळ शंभर वर्षं जगेल. सगळ्यांनी हात जोडले. आक्का रडल्या. ते रडणं खरं होतं, हे मी अजूनही म्हणते.

पंगती उठल्या आणि दामू मागच्या दारी आला. मंजीच्या केसांना पाणी लावून चापून विंचरलं होतं. तिच्या काखेत गाठोडं. परकर आखूड झाला होता, चार महिन्यांत पोरगी वाढली होती. भानुदासनं तिला बघितलं आणि काही न बोलता एक लाडू तिच्या हातावर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, वास घेतला, मग कडेकडेनं खायला लागली, लवकर संपू नये म्हणून.

"ग्वाड हाय," ती मला म्हणाली. "तू केलास?"

"खा," मी म्हणाले.

आक्का बाहेर आल्या. हिरवा शालू, नाकात नथ. मंजीनं तोंडातला घास तसाच ठेवून वाकून नमस्कार केला, बहुतेक मामीनं शिकवून पाठवलं होतं.

"ही होय," आक्का म्हणाल्या. "शेवंते, इकडं ये."

मी पदराला हात पुसत गेले.

"नलूचे दिवस भरत आलेत. तू समजून घे. काल तुझ्या हातून किती जीव गेले, त्याची मोजदाद नाही. अशा बाईचं पोर माझ्या नातवाच्या पाळण्याभोवती खेळायला नको."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"तुम्हीच सांगितलं आक्का."

"मी?" त्यांचा आवाज जराही चढला नाही. "तुळशीपुढं पाणी सोडून काय म्हणालीस? माझ्या मनानं करते. भानुदासनं ऐकलंय. काय रे?"

भानुदास रिकाम्या डेगेखाली चुंबळ सरकवत होता. तो खाली बघून म्हणाला, "ऐकलं." त्याची माळ पुढं लोंबत होती.

"तुला मी काढत नाही," आक्का म्हणाल्या. "भांडी कर, गोठा कर. पिठाला हात लावू नको आता."

दामूनं डोक्याला हात लावला. "आक्का, घरी सांगून आलोय की कायमची सोडतो म्हणून. आता परत नेली तर माझी बायको..."

"मग तुझी बायको समजावणं तुझं काम. आमच्या घरात पाळणा हलायचाय."

नलूबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांचा हात पोटावर होता. सासूच्या पाठीकडं बघून त्या आत वळल्या.

मंजीला सगळं कळलं नाही, पण परत जायचं एवढं कळलं. ती माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "मी पसारा करत न्हाई आता. मामीला विचार पायजे तर."

मी तिच्या तोंडाला लागलेली लाडवाची भुकटी पदरानं पुसली. दामूला म्हणाले, उन्हं हायत तवर निघा. पडवीतलं तेल तिच्या गाठोड्यात घातलं. गोधडी द्यायला हवी होती, ते त्या क्षणी सुचलं नाही. दोघं गल्लीच्या टोकाला वळले तेव्हा मंजीनं मागं बघितलं की नाही, हे मला दिसलं नाही, कारण आक्कांनी हाक मारली होती.

त्या ओसरीवर मडक्याजवळ उभ्या होत्या. काठावर दोन पाखरं पंख मिटून बसली होती.

"माणसं येतात जातात, इथं पायात येईल हे," त्या म्हणाल्या. "महाराज म्हणाले, नेम सुटला तरी वाढवलेले जीव वाऱ्यावर सोडायचे नाहीत. तुझी ती पडवी सारवलेली आहे ना?"

"हाय."

"कोरडी आहे?"

"हाय."

"मग तिथं ठेव. भिंतीकडच्या कोपऱ्यात. खाली काहीतरी घाल मऊ, जमीन गार पडते रात्री."

मी मडकं उचललं. आतून जरासं जड होतं, सकाळीच पीठ पडलं होतं. पडवीत हिरवी गोधडी अंथरलेली होती, मंजीची बाजू भिंतीकडं. त्या बाजूला मी मडकं ठेवलं.

मग दाराकडच्या अर्ध्या बाजूवर बसले आणि आक्कांनी पुन्हा हाक मारेपर्यंत तशीच बसून राहिले. पाखरं निघत होती, एक एक करून भिंतीला जाऊन चिकटत होती. मी एकालाही हात लावला नाही.